कॉलेजखालच्या आळीतलं बिऱ्हाड

मास्तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नायतर मी ह्या गोष्टी कुणापुढं काढत नाय. तुम्ही कॉलेजात नवीन, बायको न् तान्हं पोर गावाला ठेवून आलायत, आता त्यांना आणायचंय, तर कॉलेजच्या जवळ पोराबाळांच्या घराला कुठली आळी बरी असं तुम्ही त्या चहाच्या हॉटेलात विचारलंत, न् त्यांनी तुम्हाला माझ्याकडं धाडलं, का तर हा म्हातारा बिऱ्हाड बघताना आळीआळीतून बोंबलत फिरला होता. हसले असतील. हसू देत. बसा तुम्ही. इथं ओटीवर बसा, पण भिंतीला टेकू नका, त्या चिऱ्यांच्या फटी मी माझ्या हातानं बुजवल्यात तरी माझा अजून भरवसा नाय.

मी मूळचा मालगुंडच्या वरचा, सड्यावरचा. तुम्ही देशावरचे, तुम्हाला सडा म्हणजे काय सांगू, नुसता जांभा दगड लांबवर पसरलेला, उन्हात पाय पोळतो, मधेच कुठं मातीचा तुकडा त्यात भात, कुठं काजूचं झाड, न् त्यात आमचं घर एकटं. शेजारचं घर म्हणजे तीन शेतं न् एक पऱ्या, तुमच्याकडचा ओढा, ओलांडून. शाळेत दोन बुकं झाली तेवढीच, मग बापसाबरोबर चिऱ्याच्या खाणीत, न् जन्म सगळा चिरे काढण्यात गेला. कॉलेजच्या आजूबाजूची ही जी घरं दिसतायत त्यातले किती चिरे माझ्या हाताखालून गेले असतील देवाला ठाऊक. चिरा कसा घ्यायचा माहीत आहे तुम्हाला? बघून नाय घ्यायचा. बघायला सगळे लालच दिसतात. टिकावाच्या पाठीनं ठोकायचा न् कान द्यायचा, चांगला चिरा उत्तर देतो, आतून चीर गेलेली असली तर आवाज आतच मरतो. एवढी एकच विद्या मला येते मास्तर, दुसरी नाय.

बायको माझी भागी. भागीरथी नाव, पण भागीच. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय, तुम्ही शिकलेले, तुमच्यात काय ते तुम्हाला माहीत. लग्न झाल्यावर ती मला नुसतं अवो म्हणायची, न् मुलगा झाला, रघू, तेव्हापासनं लांबून बोलवायचं तर मला त्याच्याच नावानं हाक मारायची. रघू, ए रघू. रघू शाळेत असो नायतर मुंबईला मावशीकडं असो, सड्यावर रघू अशी हाक आली की ती मला, जेवायला चला म्हणून, नायतर गाय सुटली म्हणून. सगळ्या वाडीला ते माहीत. कुणी पोरं चिडवायची मला, ओ रघू, बोलवतायत तुम्हाला.

तो रघू शिकला सात यत्ता न् ह्या कॉलेजात लागला. तुमच्यासारखा मास्तर नव्हे, शिपाई, प्रयोगशाळेत. काचेच्या नळ्या धुवायच्या न् मुलांना कापायला बेडूक आणून द्यायचे. पहिल्यांदा येऊन सांगितलंन तेव्हा भागी बोलली, शी, ह्याच्यासाठी शिकवला काय तुला. पण मनातून खूश. रघू इथंच कॉलेजच्या आवारात एका खोपट्यात निजायचा न् पंधरवड्यानं घरी यायचा, न् तेव्हापासनं भागीनं पाठ धरलंन माझी, की शहरात जाऊ, कॉलेजच्या जवळ बिऱ्हाड करू, सून पोटुशी आहे, नातवंडं होतील, ती काय ह्या कातळावर वाढवायची, मला इथं भीती वाटते. मी बोललो, चाळीस वर्षं नाय वाटली ती आता वाटायला लागली काय? खाण सोडून मी शहरात काय नळ्या धुवू?

कार्तिकात आमची सून, शेवंती, माहेरी गेली बाळंतपणाला. घरात आम्ही दोघंच. भागी सकाळी गवताचे भारे उचलत होती न् भाऱ्याखाली फुरसं होतं. तुम्ही बघितलं नसेल फुरसं, दीड वीत लांब साप, कातळाच्याच रंगाचा, पायाखाली आला तरी दिसत नाय. मनगटाला चावलंन. मी खाणीत. सगळ्यांना मी हेच सांगितलं, मी खाणीत होतो, टिकावाचा आवाज, मला ऐकू आलं नाय, आलो तेव्हा ती घरापुढच्या खळ्यात पडलेली, हात कोपरापर्यंत सुजलेला. डोलीत घालून खाली दवाखान्यात नेली, दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तिसऱ्या दिवशी गेली. लोक बोलले, एकट्या घराचं हे असंच, हाक मारली तरी ऐकणार कोण. मी मान हलवली.

मग सून तान्ही पोरगी घेऊन परत आली, चंपा तिचं नाव. काय सांगू तुम्हाला, त्या वर्षात मला भीतीनं खाल्लं. मी खाणीत जायचंच सोडलं. हातात काठी घेऊन दिवसभर खळ्यात बसायचो, शेवंती पाण्याला गेली की तिच्या मागून मी, ती परसात गेली की मी कोपऱ्यावर तोंड फिरवून उभा, ती बिचारी लाजून मरायची. चंपा रांगायला लागली तशी गडग्याच्या, कुंपणाला रचलेल्या दगडांच्या, फटींत हात घालायची न् मी धावत जाऊन तिला उचलायचो. सरपणाचं लाकूड उचलायचं तर आधी तीनदा काठी आपटायची. वाऱ्यानं पान सरकलं तरी मी उठायचो. न् मग शेवंतीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मीच रघूला बोललो, बाबा, आता आम्हाला घेऊन जा इथनं.

तो बोलला, मला सुट्टी नाय, परीक्षा जवळ आल्या, बिऱ्हाड तुम्हीच बघा, कॉलेजच्या जवळ बघा म्हणजे मधल्या घंटेला मला घरी येऊन जाता येईल. शेवंतीला न् पोरीला तिच्या माहेरी पोचवलं न् चार दिवस मी त्याच्या खोपट्यात राहिलो न् फिरलो. माझ्या डोक्यात एकच. रघू दिवसभर कामावर, मी म्हातारा, गुडघे गेलेले, पोटुशी सून न् चालायला लागलेली पोर घरात, तर तिनं हाक मारली तर येणार कोण? घर कसं का असेना. मला आळी ठोकून बघायची होती.

पहिलं बिऱ्हाड रघूनंच सुचवलेलं. वरच्या अंगाला, कॉलेजच्या मागच्या बाजूला, एका पेन्शनर साहेबाचा बंगला न् त्याच्या आवारात मागं दोन खोल्या. जागा देखणी, चिरा पहिल्या प्रतीचा, अंगणात चाफा, पोरं खेळतील एवढी मोकळी जागा, कुठं आवाज नाय, शिव्या नाय, पोरगी शिकेल असे सगळे शिकलेले शेजारी. मी दुपारी गेलो, आवाराच्या मधोमध उभा राहिलो, न् छाती भरून हाक मारली, रघू, ए रघू. दुसरं काय ओरडायचं ते मला सुचलं नाय. समोरच्या बंगल्यातला पडदा हलला. बाजूच्या घरात कुणी शिवणाचं यंत्र चालवत होतं ते थांबलं, न् पुन्हा सुरू झालं. वरच्या खिडकीत साहेब आले न् बोलले, कोण आहे रे तो, इथे आरडाओरडा करायचा नाही. न् खिडकी लावून घेतली. मी हात जोडले न् निघालो.

दुसरी जागा कॉलेजच्या फाटकासमोर, ओळीनं खोल्या, सगळ्या गावाकडच्या विद्यार्थ्यांच्या. अर्ध्यांना कुलपं. हाक मारली तर दोघंतिघं पोरगे बाहेर आले न् माझीच नक्कल करून ओरडले, ए रघू, अभ्यास झाला काय रे? चांगली होती पोरं, नंतर पाणी दिलंनी मला. पण कॉलेजची घंटा झाली की संध्याकाळपर्यंत तिथं कुत्रंसुद्धा नसतं.

तिसरी ही. कॉलेजचा उतार संपतो तिथं, खाली. अर्धी घरं मुसलमानांची, अर्धी भंडाऱ्यांची, पुरुष निम्मे बोटीवर, निम्मे मुंबईला, घरांना घरं चिकटलेली, वळचणीला सुकी मासळी टांगलेली, वास नाकात बसतो. इथं कुणी मला जागा आहे म्हणून सांगितलंही नव्हतं, मी आपला पाण्यासाठी उतरलो होतो. तिथं उभा राहून हाक मारली. मास्तर, अजून हाक पुरी झाली नव्हती तर दारं उघडली. सात दारं मी मोजली. एक बाई पिठाच्या हातानं आली, एकीच्या हातात मासळीचा कोयता तसाच, एक म्हातारी नुसती काठी घेऊन, न् ह्या घरातनं हाजराबी आली, उंच बाई, आवाज माझ्यापेक्षा मोठा. काय झाला? कुनाचा रघू? केवढा हाय? तोवर एक घरामागं बघायला धावली, एक गल्लीच्या तोंडाला, न् हाजराबी सरळ विहिरीवर, कठड्यावर ओणवी होऊन आत बघत ओरडते, रघू, बाळा, आवाज दे रे! म्हातारी मला विचारते, अंगात सदरा कसला होता पोराच्या?

मी बोललो, बायांनो, थांबा. रघू माझा तीस वर्षांचा आहे न् वर कॉलेजात नळ्या धुतोय.

मग जे बोलल्या त्या. हाजराबी विहिरीवरनं आली ती पदर खोचतच. अरे मेल्या म्हाताऱ्या, माझी भाकर करपली तव्यावर, तुला काय मस्करी सुचली? कोयतेवाली बोलली, ह्याचंच डोकं घाला विहिरीत. म्हातारी बोलली, खुळा दिसतोय, देवाचं माणूस असंल, मारू नका. मी खाली बसलो न् मला रडू आलं. बायको गेल्यापासनं मी रडलो नव्हतो, तो त्या सात बायकांपुढं रडलो. मग सगळं सांगितलं, सून पोटुशी आहे, फुरशानं बायको गेली, बिऱ्हाड बघतोय. हाजराबी पाण्याचा तांब्या घेऊन आली न् बोलली, माझा घरवाला बोटीवर हाय, मागल्या दोन खोल्या रिकाम्याच हायत, पन चाचा, पुन्हा असा ओरडलास तर मीच ढकलीन तुला.

मी खूश होऊन रघूकडं गेलो. रघू ऐकून लालच झाला. बोलला, बाबा, तुम्हाला कळतं काय, कॉलेजातले लोक काय बोलतील, आपली माणसं नाय तिथं कुणी, तो मासळीचा वास, पोरगी मोठी झाल्यावर काय शिकेल त्या आळीत? मी साहेबांना शब्द दिलाय. मी बोललो, शब्द परत घे. हे असं चार दिवस. शेवटी एका रविवारी तो सड्यावर आला, सामान बांधायला. शेवंती पडवीत तांदूळ निवडत होती. मी बोललो, त्या बंगल्यात मी येणार नाय न् हिलाही जाऊ देणार नाय. रघू बोलला, बाबा, तुमची भीती मला कळते, पण आईचं वेगळं होतं, इथं ऐकायला कुणी नव्हतंच, तिथं वर साहेब आहेत, बाजूला घरं आहेत. मी बोललो, ती ऐकतील रे, उठणार नायत. तो बोलला, तुम्हाला काय माहीत? न् माझ्या तोंडातून निघून गेलं. मला माहीत. मी ऐकलं होतं न् उठलो नव्हतो.

आता सुरू केलंय तर तुम्हालाही सांगतो. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालेलं, ह्याच्यावरनंच, शहरात बिऱ्हाड करायच्यावरनं. मी पेज तशीच टाकून खाणीत गेलो. खाण कसली लांब, घरामागंच, कुठं टिकाव नव्हता चालू, मी एका चिऱ्यावर बसून विडी ओढत होतो. तिची हाक आली. रघू, ए रघू. मी मनात बोललो, बोंबल, रघू आहे कुठं इथं, जा तुझ्या रघूकडं कॉलेजात. दुसरी हाक लांब होती. तिसरी बारीक आली. ती बारीक आली म्हणून मला वाटलं, राग गेला हिचा. मी विडी संपवली. न् वर दोन चिरे काढले. दोन चिरे, मास्तर. मग भूक लागली म्हणून घरी गेलो.

रघूनं विचारलंन, आई काय म्हणून हाक मारत होती? मी बोललो, रघू म्हणून.

शेवंतीचे हात सुपात होते तसेच राहिले. रघू उठला, सड्यावर लांब जाऊन उभा राहिला, उन्हात, डोक्याला काय नाय. मी ओटीवर बसून बघत होतो न् मला वाटत होतं हा आता परत येणारच नाय. आला, पाणी प्याला, न् माझ्याकडं न बघता बोलला, उद्या त्या हाजराबीकडं मी जातो, बंगला नको. मला बरं वाटलं, मी बोललो, होय रे, आळी चांगली आहे ती. तेव्हा बघितलंन माझ्याकडं. बोलला, आळी चांगली म्हणून नाय. हिला तुमच्या भरवशावर एकटी ठेवायची मला भीती वाटते.

खरं बोलला तो. त्याच्या जागी मी असतो तर बापसाला सड्यावरच ठेवला असता.

फाल्गुनात आम्ही इथं आलो. पहिले आठ दिवस मी भिंतीच्या फटी बुजवत होतो, चिखल न् चुना कालवून, हाजराबी बोलायची, चाचा, घर हाय माझा, तुरुंग करू नका. रघू माझ्याशी कामापुरतं बोलायचा. कामावर जाताना हाजराबीला सांगून जायचा, चाची, लक्ष ठेवा, न् मी तिथंच बसलेला असायचो. मला त्याचा राग नव्हता. मला भीती होती ती निराळीच. मला वाटायचं, शेवंती हाक मारेल न् माझे पाय पुन्हा तसेच बसून राहतील. काय सांगावं? एकदा बसलेच होते ना. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोसाठी उठले नायत ते.

चैत्रात एका दुपारी, कॉलेजात परीक्षा चालू, मी ह्याच ओटीवर, शेवंती आतल्या खोलीत, पाच हातांवर. न् आतनं हाक आली, हाजराचाची! मामंजी नाय बोलली ती. मी पाच हातांवर होतो न् तिनं भिंतीपलीकडच्या बाईला हाक मारली. पण मी उठलो. कसा उठलो ते मला ठाऊक नाय, उठलो खरा, न् उठून दारात नुसता उभा, आत जायचं नाय न् बाहेर काय करायचं ते कळेना. आळीतल्या बाया मला बाजूला सारून आत, चंपाला कुणी उचलून नेलंन, चूल कुणी पेटवलीन, न् हाजराबी आतनं ओरडली, चाचा, खांब हायस काय तू, जा, पोराला घेऊन ये!

मी उतार चढलो. पायात वहाण नाय, गुडघे कुठले न् काय कुठलं. कॉलेजच्या व्हरांड्यात पोचलो तर तिथं सगळ्या खोल्या सारख्याच, सगळी दारं बंद, आत मुलं पेपर लिहितायत, मला वाचता येतं थोडं पण अक्षरं डोळ्यांपुढं नाचत होती. मग मी हाक मारली. रघू, ए रघू. एक प्राध्यापक बाहेर आले, श्श्श करत. मुलांच्या माना वळल्या. न् टोकाच्या खोलीतनं रघू आला, हात ओले, न् मला बघून तिथंच भिंतीला टेकला. त्याला वाटलं, गेली. मी नुसता धापा टाकत होतो. त्यानं माझे दोन्ही खांदे धरलेन न् गदागदा हलवलंन, बोला, बाबा, बोला. मी एवढंच बोललो, चालू झालंय, बाया आल्यात. तो धावला. मी मागून एकटा उतरलो, एकेक पाऊल, न् प्रत्येक पावलाला वाटत होतं की आता आळीतनं रडण्याचा आवाज येईल.

आला, पण तो बाळाचा. मुलगी. दुसरी मुलगी, पण कुणी नाक मुरडलंन नाय. संध्याकाळी रघू माझ्या बाजूला येऊन बसला न् बोलला, आज बरे धावलात. ते टोचून बोलला की कसं, मला अजून कळलेलं नाय, न् मी विचारत नाय.

आता धाकटी दीड वर्षाची झाली. शेवंती बऱ्यापैकी बोलते माझ्याशी, भाकरी ऊन देते, पण अडलं तर हाक हाजराबीलाच, न् तेच बरोबर आहे. भीती काय गेली नाय माझी. आळीत कुणी कोंबडीला हाक मारलीन तरी मी उभा राहतो, बाया हसतात, बसा चाचा, तुम्हाला नाय. रघूशी माझं कामापुरतंच चाललंय, त्यानं मला माफ केलंन की नाय ते त्याचं त्याला माहीत, माझं वय झालं, मी आता ती वाट बघत नाय.

तुमच्या बिऱ्हाडाचं म्हणाल तर वर जागा आहेत, खालीही दोन-तीन आहेत. बघायला जाल तेव्हा दुपारी जा, पुरुष कामावर असतात तेव्हा, म्हणजे आळीत खरं कोण असतं ते दिसेल. ओरडू नका माझ्यासारखं, लोकांच्या भाकऱ्या करपतात, नुसतं कुणाकडं पाणी मागा. न् बिऱ्हाड ठरवून मग बायकोला आणू नका. आधी तिला आणा, हातातलं पोर घेऊन तिला प्रत्येक घरात उभी करा, न् तिला विचारा, दिवसभर तिथं ती राहायची आहे, तुम्ही नाय. तिला भीती वाटते बोलली तर ते घर सोडा, का ते विचारू नका. देव तुमच्या बायकोपोराला उदंड आयुष्य देवो. पाणी पिऊन जा, न् आजच पत्र टाका तिला.